तुम्ही विचारलंत म्हणून : पोपटी ओव्हनमध्ये होते का?

पोपटी म्हणजे मडक्यात भरून जाळावर शिजवलेल्या वालाच्या शेंगा. शेत नाही, जाळ करायला अंगण नाही, मग फ्लॅटमधल्या ओव्हनमध्ये पोपटी होईल का, असे दर थंडीत कोणी ना कोणी मला विचारते. होते, आणि चांगली होते. मात्र ती ओव्हनपेक्षा शेंगा केव्हा तोडलेल्या आहेत यावर अधिक अवलंबून असते, आणि नेमके तेच सहसा कोणी विचारत नाही.

माझे माहेर अलिबाग तालुक्यातले. आमच्या रायगड जिल्ह्यात भात कापून झाले की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि जानेवारीच्या सुमारास शेंगा भरू लागतात. मडक्याला आतून भांबुर्डा या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला लावायचा, जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, अख्खे बटाटे, रताळी, हवी असल्यास अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी त्यात भरायची, तोंडात पुन्हा पाला गच्च कोंबायचा आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या, ही तिथली रीत. मडक्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंग अंगच्याच पाण्याच्या वाफेवर शिजते, म्हणून ते पाणी तिच्यात शिल्लक असावे लागते. वाकवल्यावर टचकन मोडणारी शेंगच घ्यावी. चार दिवस फ्रिजमध्ये राहून मऊ पडलेल्या शेंगांची साल चिवट होते आणि दाणा कोरडा लागतो. अशा शेंगांची सरळ उसळ करावी.

लग्नानंतर शहरात पहिल्यांदा ओव्हनमध्ये पोपटी लावली, तेव्हा करपेल या भीतीने मी अर्धी वाटी पाणी घातले होते. शेंगा शिजल्या, पण उकडलेल्या लागल्या. तेव्हापासून पाणी कधीच घातले नाही. आता अर्धा किलो शेंगांना दोन चमचे जाडे मीठ आणि एक चमचा ओवा घेते. भांबुर्डा शहरातल्या बाजारात मिळत नाही, तेव्हा तळाशी आणि वर केळीचे पान घालते आणि मध्ये कुंडीतल्या ओव्याची पाने मूठभर पसरते. भांबुर्ड्याचा उग्र दर्प त्याने येत नाही, तरी ओव्याशी मिळताजुळता सुवास शेंगांत उतरतो. बटाटे लहानच घ्यावेत, म्हणजे शेंगांबरोबर शिजतात. मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून कडा भिजवलेल्या कणकेने लिंपाव्यात. भांडे थंड ओव्हनमध्येच ठेवावे, कारण एकदम उष्णता लागली तर माती तडकते. मग २०० अंश सेल्सिअसवर साधारण तासभर. शेतात मडक्यावर पाण्याचा हबका मारतात आणि पाणी चर्रकन आटले की पोपटी झाली असे समजतात. घरी एक शेंग उघडून दाणा बोटांनी चेपून पाहावा. तो कच्चट राहिला तर तुरट लागतो, म्हणून शंका असल्यास आणखी दहा मिनिटे ठेवावे.

धुराचा वास मात्र येत नाही. काहीजण त्यासाठी निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतात, पण मला ते अजिबात पटत नाही; तुपाचा धूर हा जाळाचा धूर नव्हे, आणि त्याखाली वालाचा हलका कडसर गोडवा हरवतो.

तोंडीलावणे म्हणून तांदळाच्या भाकरीबरोबर वाढणार असाल, तर शेंगा आधी सोलून ठेवू नका. मीठ आणि ओवा सालीवरच असतो; शेंग दातांत धरून ओढली, तरच तो दाण्यांबरोबर तोंडात येतो.