पाँडिचेरी पायी: पहाटे बंधारा, दुपारी बाग

पाँडिचेरीला निघालो तेव्हा ओळखीच्यांनी एकच सल्ला दिला, पोचल्यावर स्कूटर भाड्याने घ्या. आम्ही ती घेतली नाही. तीन दिवस चालत फिरलो आणि हे गाव चालण्यासाठीच आखलंय याची खात्री पटली.

फ्रेंचांच्या या जुन्या वस्तीतले रस्ते काटकोनात आहेत. उत्तर-दक्षिण जाणारे किनाऱ्याला समांतर, पूर्व-पश्चिम जाणारे सरळ समुद्रावर. फोनवरचा नकाशा तासाभरात खिशात गेला. दुपारनंतर तर खूण अगदी सोपी: चौकात उभं राहायचं, गार वारा येईल तिकडे समुद्र.

आपण समुद्रात सूर्य बुडताना पाहिलेली माणसं. इथे तो समुद्रातून वर येतो, आणि त्यासाठी साडेपाचला उठणं वसूल होतं. किनाऱ्यालगतचा रस्ता साधारण दीड किलोमीटर लांब आहे. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत त्यावर वाहनांना बंदी असते, त्यामुळे पहाटे तो पूर्णपणे चालणाऱ्यांचा. दक्षिण टोकाला फ्रेंच गव्हर्नर द्युप्लेच्या पुतळ्यापाशी सुरुवात करा आणि उत्तरेकडे जा, उजेड उजव्या हाताला फुटत जातो. मध्यावर गांधीजींचा पुतळा आहे. त्याच्याभोवतीचे उंच कोरीव दगडी खांब जिंजीहून आणलेले आहेत. राजाराम महाराजांनी जिथे मोगलांचा वेढा वर्षानुवर्षं सोसला, तीच जिंजी. त्या खांबांना हात लावून मी बराच वेळ उभा होतो. समोरच १८३६ सालचं जुनं दीपगृह आहे.

वाळूत पाय बुडवायचे म्हणून येणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. या रस्त्याच्या बऱ्याच भागात पुळण नाही, काळ्या दगडांचा बंधारा आहे. या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गावाच्या दक्षिणेला बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या, वाळू तिथेच अडली आणि गावापुढचा किनारा झिजत गेला. आता काही भागात वाळू परत आणण्याचं काम झालं आहे आणि ती पाहून खरंच बरं वाटलं. दगडांवर उतरू नका. ते शेवाळलेले असतात आणि लाट अंदाज देत नाही.

नऊनंतर ऊन चढतं, मग भारती पार्क गाठावं. गांधीजींच्या पुतळ्यापासून पश्चिमेला पाच मिनिटं. मोठी झाडं, बाक, आणि मधोमध तिसऱ्या नेपोलियनच्या काळातला पांढराशुभ्र आयी मंडप. आयी ही दंतकथेतली गणिका. राजाने तिचं घर देऊळ समजून हात जोडले आणि चूक कळल्यावर ते पाडायला लावलं. तिने स्वतःच घर पाडून त्या जागी लोकांसाठी तळं खोदलं. त्या भागातून शहराला पाणी आलं, त्याची आठवण म्हणून हा मंडप. राजांच्या पुतळ्यांपेक्षा मला ही वास्तू जास्त आवडली.

बोटॅनिकल गार्डन १८२६ सालचं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसस्टँडच्या बाजूला आहे. पार्कपासून अर्ध्या तासाची चाल, आणि वाट रहदारीची. तिथे सकाळीच जा, आणि उघडं आहे ना हे आधी विचारून घ्या.

फ्रेंच आणि तमिळ वस्त्यांच्या मध्ये कालवा आहे. त्याला वास येतो, नाक दाबून ओलांडायचा. पलीकडे तमिळ वस्तीत जुन्या घरांना रस्त्याच्या कडेने ओटे आहेत, लाकडी खांबांवर तोललेल्या पडव्यांखाली. बहुतेक लोक पिवळ्या भिंतींचे फोटो काढून अलीकडूनच परततात. पलीकडची वैसियाल स्ट्रीट तरी चुकवू नये.

कधी जावं? दिवाळीच्या सुटीत नको. आपला पाऊस संपतो तेव्हा तिथला सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. चपलांऐवजी मऊ तळव्याचे बूट घाला, कारण पदपथ मध्येच तुटतात आणि रस्त्यावर उतरावं लागतं. आणि मुक्काम किनाऱ्यापासून दोन-तीन गल्ल्यांच्या आत घ्या, म्हणजे पहाटे अंधारातही पाच मिनिटांत समुद्रावर पोचता येतं.