भोकाचं माप

शेगडी बिघडली की आपण शेगडीकडे बघतो. काच तडकलीय, एक बर्नर पेटतो आणि विझतो, नॉब दाबून धरला तरच ज्योत टिकते. बदलून टाकू म्हणून दुकानात जावं, तर समोरचा माणूस शेगडीबद्दल काहीच विचारत नाही. तो विचारतो, “कटआउट किती?” इतकी वर्षं ज्याच्यावर स्वयंपाक केला ते मुळात ओट्यातलं एक भोक होतं आणि शेगडी त्याच्यावरचं झाकण, हे तेव्हा लक्षात येतं.

ओट्यावर नुसती ठेवायची शेगडी याबाबतीत सुखी. चार रबरी पाय, एक नळी, उचलली की दुसरी ठेवली. ओट्यात बसवलेली, म्हणजे जिला हॉब म्हणतात ती, अर्धी वर आणि अर्धी खाली असते. वर दिसते ती काच किंवा स्टीलचा पत्रा. खाली लोंबते ती पेटी. पेटी भोकातून आत जाते आणि काचेची कड भोकाच्या काठावर टेकते. सगळं वजन या कडेवर असतं, तीन भांडी आणि त्यांतलं पाणी धरून. कड असते जेमतेम बोटभर.

गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण शेगडीला नाव मिळतं ते काचेच्या ढोबळ रुंदीवरून. ६० सेंटिमीटरचा हॉब म्हटला की काच साधारण ५८० ते ५९० मिलिमीटर असते आणि भोक लागतं बहुधा ५६० बाय ४९०. गॅसच्या काही हॉबना ५६० बाय ४८०. म्हणजे खोक्यावर छापलेला ६० हा आकडा ना नेमका काचेचा, ना भोकाचा. त्यात इंचवाले निराळे. ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर, पण बोलताना ३० इंची आणि ७५ सेंटिमीटर एकच समजतात. १२ मिलिमीटरचा फरक बोलण्यात जिरतो, दगडात जिरत नाही.

विचित्र मापाची भोकं येतात कुठून? काही इंचाच्या हिशेबानं कापलेली असतात आणि नवी शेगडी मिलिमीटरमध्ये येते. काही ठिकाणी ३० सेंटिमीटरच्या दोन जुळ्या शेगड्या मधे पट्टी टाकून शेजारीशेजारी बसवलेल्या असतात. काही जुन्या हॉबच्या मधोमध धूर खाली ओढणारा पंखा होता, त्यासाठी भोक लांबोडकं झालं. सगळ्यात जास्त भोकं मात्र कारागिरानं समोरची शेगडी बघून, हातानं, “बसतेय ना” या एकाच कसोटीवर कापलेली असतात. ती शेगडी बसली, हे खरंच. दुसरी बसेल असं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

अजून एक जोडी असते, ती फार फसवते. काही विजेच्या हॉबना स्वतःचे नॉब नसतात. ते खालच्या ओव्हनच्या तोंडावर असतात आणि दोघांमध्ये तारांचा जुडगा जातो. असा हॉब बदलायला निघालं की ओव्हनचे नॉब निराधार होतात, आणि ओव्हन बदललं तर हॉबला कान पिळायला कुणी उरत नाही. वरच्या काचेवर एकही नॉब किंवा बटण दिसत नसेल, तर टेप काढण्याआधी ओव्हनकडे बघावं.

माप घ्यायचं ते जुनी शेगडी उचलून. काचेवरून अंदाज बांधू नये; काचेखाली काय आहे ते काचच लपवते. आधी गॅसचा कॉक बंद किंवा विजेचा ब्रेकर खाली, आणि काच थंड. मग खालचा खण काढून टॉर्च मारली की चार कोपऱ्यांत पकडी दिसतात. त्यांचे स्क्रू सैल करायचे. गॅसची नळी सुटी करणं हे अधिकृत माणसाचंच काम. बऱ्याचदा कुणीतरी कडेला सिलिकॉन भरलेलं असतं आणि काच ओट्याला चिकटून बसते. तिथे स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं की ओट्याचा टवका जातो. पातळ पातं कडेखालून हळूहळू फिरवावं आणि एकानं खालून ढकलत असताना दुसऱ्यानं वरून धरावं.

आता उघडं भोक. ते चौकोनी दिसतं, असतंच असं नाही. रुंदी पुढे, मधे आणि मागे अशी तीन ठिकाणी घ्यावी. खोली, म्हणजे पुढून मागे जाणारं माप, डावीकडे, मधे आणि उजवीकडे. मग दोन्ही कर्ण. ५६० बाय ४९० चं भोक काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ७४४ मिलिमीटर भरतात. एक ७४० आणि दुसरा ७४८ आला, तर भोक तिरकं आहे आणि पेटी एका कोपऱ्यात अडणार. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, असेल तर कोपरेही तपासावेत, पण कर्ण खोटं बोलत नाहीत. कोपऱ्यांची गोलाईही बघायची. दगडात कोपरे गोल ठेवतात, आणि गोलाई मोठी असेल तर सरळ बाजूंचं माप बरोबर असूनही पेटीचे टोकदार कोपरे तिच्यावर टेकतात.

याशिवाय ओट्याची जाडी, भोकाच्या पुढे आणि मागे उरलेल्या पट्ट्यांची रुंदी, आणि भोकाखाली मोकळी उंची किती, म्हणजे खणाच्या किंवा ओव्हनच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ही शेवटची दोन मापं लोक हमखास विसरतात. मग नवा इंडक्शन हॉब येतो, भोकात चपखल बसतो आणि खण बंद होत नाही.

मापं हातात आली की कोणता हॉब घ्यायचा हे निवडण्यापेक्षा कोणते गळतात तेच आधी कळतं. साधा हिशेब आहे. काच ५९० आणि भोक ५६०, तर दोन्ही बाजूंना १५-१५ मिलिमीटरचा टेकू. तेच जुनं भोक ५८० असेल तर टेकू उरतो ५. हॉब जरा डावीकडे सरकला की उजवी कड भोकात. वरून बघताना सगळं झाकलेलं दिसतं, म्हणून हा मोह वाईट. हॉबसोबतच्या मापपुस्तिकेत भोकाच्या मापापुढे किती कमीजास्त चालेल तेही बहुधा दिलेलं असतं, आणि तो आकडा एकदोन मिलिमीटरचाच असतो.

भोक लहान असेल तर खरं म्हणजे आनंद मानावा. दगड कापून कमी करता येतो, वाढवता येत नाही. शिवाय ७५ सेंटिमीटरचे कितीतरी हॉब असे असतात, की काच रुंद पण खालची पेटी ५६० च्याच भोकातली. जुनं ६० चं भोक न छेडता मोठी शेगडी हवी असेल, त्यांनी रुंदीवर नजर न ठेवता मापपुस्तिकेतली खालची आकृती आधी बघावी. उलट बाजूनं, भोक थोडं मोठं असेल तर अशीच रुंद काच ते झाकून टाकते. पण पकडी काठापर्यंत पोचतील का आणि पेटी भोकात हिंदकळणार नाही ना, हे तेव्हा तपासावं लागतं.

कापायचं ठरलं, तर किती आणि कुठून हा प्रश्न येतो. समजा खोली ४८० आहे आणि ४९० हवी. हे १० मिलिमीटर पुढच्या पट्टीतून घ्यायचे की मागच्या? भोकाच्या पुढची आणि मागची पट्टी हीच ओट्याची सगळ्यात नाजूक जागा. बाकी सगळा दगड रुंद, आणि इथे चारपाच बोटांची फळी तेवढी. पुढच्या पट्टीवर माणूस रेलतो, जड भांडं टेकवतो. म्हणून जागा असेल तर मागून घ्यावं, मात्र मागच्या भिंतीपासून शेगडीचं जे अंतर पुस्तिकेत सांगितलंय ते राखून. दोन्हीकडून ५-५ घेण्याची समतोल बुद्धी इथे कामाची नाही. त्यात दोन्ही पट्ट्या बारीक होतात आणि काप दोन घ्यावे लागतात.

टोकदार कोपरा कापू देऊ नये. दगडातला ताण कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच निघतो, तोही लगेच नाही, सहा महिन्यांनी, गरम-थंड होता होता. आधी कोपऱ्यात गोल छिद्र पाडून मग त्या छिद्रापर्यंत सरळ काप आणणं ही चांगल्या कारागिराची खूण. ग्रॅनाइट बरंच सोसतो. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये दगडाचा चुरा राळेनं बांधलेला असतो, त्याला एका जागची उष्णता सोसत नाही. लॅमिनेटच्या ओट्यात आत भुश्याची फळी. कापलेली कड उघडी राहिली तर पाणी पिऊन फुगते, म्हणून ताज्या कापाला सीलरचा हात द्यायलाच हवा.

धुळीबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. दगड सुका कापला की हवेत सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसांत कायमची बसते. जुन्या पद्धतीच्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. पाणी मारत कापायचं, चांगला मास्क लावायचा, आणि “दोन मिनिटांचं काम आहे, सुकंच मारतो” म्हणणाऱ्याला थांबवायचं. खालून पट्टीला टेकूही हवा, नाहीतर कापलेला तुकडा सुटताना सोबत दगडाची चकती घेऊन जातो.

भोक फारच मोठं असेल, तर उपाय दोनच आणि दोन्ही दिसतात. एक म्हणजे स्टीलच्या पत्र्याची चौकट, जी भोकावर बसते आणि जिच्या आत नव्या मापाचं भोक असतं. ती चारी बाजूंनी सारखी असेल तर मुद्दाम केल्यासारखी शोभते. एकाच बाजूला पट्टी लावली की ठिगळ वाटतं. पत्रा पातळ असेल तर भांड्याच्या वजनानं मधे दबतो, म्हणून त्याच्या आतल्या काठाला खालून आधार हवा. दुसरा उपाय म्हणजे ओट्याचा तेवढा भाग बदलणं. त्याच रंगाचा दगड मिळेल या भरवशावर राहू नये. वेगळ्याच रंगाचा घेऊन फरक उघड मिरवावा, ते अधिक बरं दिसतं.

बसवताना कडेखाली फोमची पट्टी लावतात. ती खोक्यातच येते आणि बहुतेक वेळा खोक्यातच राहते, कारण बसवणाऱ्याच्या हातात सिलिकॉनची नळी असते. फोमनं पाणी अडतं आणि पुढच्या वेळी हॉब उचलताही येतो. ओट्याच्या पातळीत बुडवून बसवायच्या हॉबची गोष्ट वेगळी, तिथे फटीत सिलिकॉन लागतंच. पकडी हातानं बेतानं आवळायच्या. काच वाकत नाही, तडकते.

इंडक्शन असेल तर खाली पंख्याला हवा लागते. खणात कागद, प्लॅस्टिक ठासून भरलं किंवा हवेची फट बुजवली, तर हॉब तापून मधेच बंद पडतो आणि दोष हॉबला लागतो. चार झोनचा, म्हणजे भांडी तापवायच्या चार जागांचा, हॉब पूर्ण ताकदीला ७ किलोवॉटच्या वर जातो. २३० व्होल्टला ते ३२ अँपिअरच्या घरात. जुन्या सॉकेटची तार ते सोसणार नाही. स्वतंत्र लाइन आणि जाणकार वायरमन, नाहीतर ताकदीवर मर्यादा घालता येणारा हॉब, यांतलं एक आधीच ठरवावं.

गॅसचं वेगळंच. पाइपच्या गॅसचा दाब साधारण २० मिलिबार, सिलिंडरच्या गॅसचा ३० च्या आसपास, आणि सिलिंडरच्या गॅसची तेवढ्याच आकारमानातली उष्णता अडीच-तीन पट. म्हणून सिलिंडरला बर्नरचा जेट, म्हणजे गॅस सोडणारी छोटी तोटी, बारीक लागतो. जेटवर आकडा कोरलेला असतो. ८५ म्हणजे ०.८५ मिलिमीटरचं भोक. पाइपसाठीचा जेट सिलिंडरला लावला तर ज्योत उंच, पिवळी आणि भांड्याची बुडं काळी. उलट केलं तर ज्योत रडतराऊत. जेट बदलले तरी नॉबच्या दांड्याखालचा बारीक ज्योतीचा स्क्रू जुळवायचा राहतो, आणि मग मंद आचेवर ठेवलेली शेगडी वाऱ्याच्या झुळकीनं विझते.

जोडणीनंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर सांधा पुन्हा करायचा, वास येत नाही म्हणून सोडायचा नाही. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली खणात साचतो. नाकाला कळेपर्यंत खाली बराच जमलेला असतो. नळी ओव्हनच्या गरम पाठीला टेकू नये आणि तिच्यावरची तारीख उजेडात वाचता यावी.

सगळं झाल्यावर मार्करनं खालच्या कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवावं: भोकाची रुंदी, खोली, दोन्ही कर्ण, दगडाची जाडी, जेटचे आकडे आणि तारीख. काढलेले जेट छोट्या पिशवीत घालून तिथेच चिकटवावेत, आणि जमलं तर पुस्तिकेतलं भोकाच्या आकृतीचं पानही.