मागच्या कारचा ब्रेक

पुतण्याने अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलंय. मागे कार बांधून हिंडायचा बेत आहे. तिला जादा ब्रेक कुठला बसवू, म्हणून फोन. "काका, चिपळूणला गॅरेज तुमचं, तुम्हीच सांगा."

म्हटलं, आधी कुंभार्ली घाटाची उतरण डोळ्यासमोर आण. दीड टनाची कार मागून ढकलणार, आणि तिचं इंजिन बंद. म्हणजे ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम नाही. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगड! मग ते दाबायला पायापेक्षा जोरदार काहीतरी हवं.

त्याला पेडल आणि सीटच्या मध्ये ठेवायची पेटी आवडली होती. स्वस्त, या गाडीतून त्या गाडीत हलवता येते. पण दरवेळी काढा-घाला करा. शिवाय त्यातल्या बऱ्याचशा वेग कमी झाला की ब्रेक मारतात. घाटात याने नुसता एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) लावला, तरी मागची कार ब्रेक धरून बसेल. लायनर तापून जळका वास आला की कळेल.

याचं मोटरहोम डिझेल, एअर ब्रेकचं. मग सरळ त्या हवेच्या लाइनवर चालणारी सिस्टीम घे म्हटलं. पुढे पाय जितका पडेल, तितकाच मागे ब्रेक. फिटिंगचा खर्च जास्त, होऊ दे.

ब्रेकअवेची वायर मात्र हवीच. जोड निसटला की पिन खेचली जाते आणि कार आपोआप थांबते. ती वायर टो-बारला, म्हणजे कार ओढणाऱ्या दांड्याला, अडकवू नकोस रे बाबा, मोटरहोमच्या चासीला अडकव. बारच सुटला तर पिन खेचणार कोण?