माफी, इकडे ये

दुपारचे दोन, मे महिना, धुळ्यातलं देवपूर आणि लाइट गेलेली. अशा वेळी घरातली थंड जागा कुठली, हे कुत्र्याला विचारावं. आमच्याकडे ती न्हाणीबाहेरच्या दोन शहाबादी फरशांवर आहे. तिथे आमची कुत्री बेडकासारखे चारही पाय फाकून, पोट टेकवून पडते. येणाऱ्याजाणाऱ्याने ओलांडून जावं.

कॉर्गी आहे. लेकाला कंपनीने परदेशी पाठवलं तेव्हा 'सहाच महिने' म्हणून त्याने आणून सोडली, त्याला आता दोन वर्षं होतील. नाव मफिन. आईला ते झेपलं नाही, ती 'माफी' म्हणते. त्यामुळे भर दुपारी आमच्या घरातून 'माफी, माफी' ऐकू येतं आणि मी पुन्हा काहीतरी केलंय असं गल्लीला वाटतं.

भाजीवाली तिला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "हाऊ कोल्हा शे का कुत्रा? येना पाय कथा गयात?"

पाय गेले गायींपायी. वेल्समधले गुराखी ही कुत्री गुरं हाकायला ठेवत. खुरांमागे चावा घ्यायचा आणि गायीने लाथ झाडली की ती डोक्यावरून जाऊ द्यायची, म्हणून उंची १०-१२ इंच. १९४४ साली इंग्लंडच्या राजकन्येला अठराव्या वाढदिवसाला यातलीच एक मिळाली आणि पुढे राणी झाल्यावरही तिचा राजवाडा यांनीच भरलेला राहिला. आमची मात्र कळण्याच्या भाकरीवर खूश आहे. शेवभाजीच्या वासाने कासावीस होते, पण कांदा-लसूण कुत्र्याला विष, त्यामुळे रस्सा बंद. पाठ लांब म्हणून गच्चीचा जिनाही बंद. खाली ती उचलून आणावी लागते, बारा किलो. फिरायला पहाटे पाचला. संध्याकाळी आधी डांबरावर मी हाताची पालथी बाजू टेकवून बघतो. लोक बघतात, बघोत. उन्हाळ्यात केस कापून टाकावेत असं सगळे सांगतात. डॉक्टर म्हणाले, मुळीच नाही, तेच केस तिला ऊनही सोसायला मदत करतात. सोसते ती, आणि गळतात घरभर. यंदाच्या बिबड्यांत, म्हणजे ज्वारीच्या पापडांत, प्रत्येकी एक तरी केस निघेल. बायकोने बहिणीला पाठवायचा डबा मुकाट्याने परत ठेवून दिला.

खरी अडचण म्हणजे तिला काम नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उठून चार दिशांना पांगल्या की ती बेचैन होते. गोल गोल धावते, टाचेला दात लावते आणि सगळ्यांना परत सतरंजीवर आणते. दोघींनी तेव्हापासून येणं सोडलंय. मीही ही खोड मोडायची म्हणून वर्षभर रागावतोय.

लहानपणी साक्रीकडे आजोबांच्या वावरात ठेलारी मेंढपाळ मेंढ्या बसवायचे, खतासाठी. रात्रभर मेंढ्यांची ऊब आणि तो वास. सकाळी वावर लेंड्यांनी काळं झालेलं. त्यांचं कुत्रं हाकत वगैरे नसे. हाकायचा माणूस, राखायचं कुत्रं. मी भाकरीचा तुकडा टाकला की ते खायचं, पण डोळे मेंढ्यांवर. शेपटी म्हणून हलवली नाही कधी. मला फार अपमान वाटायचा. आजोबा म्हणायचे, त्याला मोजायचंय, तुझ्याशी खेळायला वेळ कुठंय.

हे आठवत पडलो होतो तेवढ्यात फरशीवर नखं वाजली. माफी उठली होती. मी डोळे उघडले नाहीत. मग भुंकणं आलं, ते फाटकापाशी.

आई उन्हात उभी होती. अनवाणी, डोक्यावर पदर, हातात रिकामी पाटी. माफी तिच्या मागे-पुढे करत होती, लुगड्याचा काठ दातांत धरून घराकडे ओढत होती.

"सर ना व माय," आई तिला म्हणत होती, "वावरमा जाई येस."

वावर विकून बावीस वर्षं झाली. मी पाटी घेतली, म्हटलं, ऊन उतरलं की जाऊ. ती आली, पाणी प्यायली, झोपली. माफी फरशीवर गेली नाही. खाटेला लागून, दाराकडे तोंड करून बसून राहिली.

फाटकाला आता कुलूप असतं. लुगड्याच्या काठाला दोन भोकं पडली आहेत. बायको रफू करते म्हणाली, मी नको म्हटलं.