पहिलं पान बिघडू दे

आज चित्र काढायला बसले आणि उठताना पान कोरं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय.

स्केचबुक कितीतरी दिवस तसंच पडून होतं. रोज वाटायचं आज काढू, मग वाटायचं आधी हात जरा बसू दे, साध्या कागदांवर प्रॅक्टिस करू आणि चांगलं काहीतरी यायला लागलं की मग यात काढू, आणि त्या साध्या कागदांवर पण काही काढलं जायचं नाही कारण तिथेही डोक्यात तेच, की हे चांगलं येणार का. लोक याला आळस म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. आळस असता तर चित्र न काढल्याचा त्रास झाला नसता. इथे तर दिवसभर तेच डोक्यात घोळत असतं, व्हिडिओ बघून होतात, पेन्सिल एचबी घ्यायची की २बी की ४बी, कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा हवा, सगळं वाचून होतं, फक्त रेघ तेवढी ओढायची राहते.

घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी असं मला आता वाटायला लागलंय. बसायच्या आधीच डोळ्यापुढे पूर्ण झालेलं चित्र तयार असतं, तेही वर्षानुवर्षं काम केलेल्या कोणाचं तरी, आणि आपली पहिली रेघ आपण त्याच्याशी ताडून बघतो. मग ती खोडायची, परत काढायची, परत खोडायची. खोडून खोडून कागद तिथे खरबरीत होतो, पेन्सिल नीट उमटत नाही, काळपट डाग पडतो, आणि शेवटी पान फाडायचं. आणि या सगळ्यात ज्या वस्तूचं चित्र काढतोय तिच्याकडे किती वेळा बघितलं? जवळजवळ नाहीच. सगळा वेळ नजर कागदावर, आणि कागदावर तर अजून काही नाहीच!

म्हणून आज कागदाकडे बघायचंच नाही असं ठरवलं. ब्लाइंड कॉन्टूर म्हणतात तो प्रकार. डावा हात टेबलावर ठेवला, उजव्या हातात बॉलपेन, पेन्सिल नाही, म्हणजे खोडायची सोयच नको. नजर अंगठ्याच्या कडेवर ठेवायची आणि नजर जेवढी पुढे सरकेल तेवढंच पेन सरकवायचं, हळू, अगदी कंटाळा येईल इतकं हळू.

सुरुवातीला नजर सारखी कागदाकडे पळत होती, मग जरा स्थिरावली आणि दिसायला लागलं. नखाची कड बोटाच्या कडेला जाऊन संपत नाही, ती कातडीखाली शिरते आणि कातडी तिच्या बाजूने थोडी वर येते. अंगठ्याच्या सांध्यावरच्या सुरकुत्या समांतर नाहीत, मधे फाकतात आणि कडेला परत जवळ येतात. करंगळीचं टोक आतल्या बाजूला किंचित वाकलेलं आहे. हा हात मी जन्मापासून बघतेय आणि करंगळी वाकडी आहे हे मला आज कळलं!

नंतर पान बघितलं. बोटं एकमेकांना नीट जोडलेली नाहीत, मनगट पानाबाहेर गेलंय. पण सांध्याजवळची रेघ खरी आहे. ती मी डोक्यातून काढलेली नाही, बघून काढलीय, आणि एवढ्या वर्षांत घासूनपुसून काढलेल्या कुठल्याही रेघेपेक्षा मला ती जास्त आवडली. कारण डोक्यात प्रत्येक गोष्टीचं एक तयार चिन्ह असतं ना, डोळा म्हटलं की बदामाचा आकार आणि मधे गोल, आणि परफेक्ट काढायच्या नादात आपण बहुतेक वेळा ते चिन्हच गुळगुळीत करत बसतो.

लिओनार्डो दा विंचीने चित्रकारांना लिहून ठेवलंय की पहिल्या कच्च्या आराखड्यात हातपाय रेखीव करत बसू नका. तो स्वतः ते पाळायचा पण. मेरी, बाळ येशू आणि मेरीची आई सेंट अ‍ॅन यांच्या चित्रासाठी त्याने केलेलं एक कच्चं रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात शाईच्या रेघांवर रेघा इतक्या चढल्यात की मधलं काही कळेनासं झालंय, आणि त्यातली हवी ती रेघ त्याने टोकदार सळईने दाबून कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून घेतली. खोडलं काहीच नाही. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, आणि पुढे १८८४ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात कोरा कॅनव्हास आपल्याकडे बघत राहतो आणि माणूस कसा थिजतो ते त्याने लिहिलंय, त्याचा उपाय साधा, त्यावर काहीतरी फासून टाक. मला हे वाचून फार धीर येतो, म्हणजे ती भीती माझ्या हाताच्या कुवतीबद्दल काहीच सांगत नाही, ती त्यालाही माहीत होती.

फक्त "चुका करा, बिनधास्त काढा" हा सल्ला मला पुरत नाही. बिनधास्त हो म्हटल्याने कोणी होतं का! रोज एक चित्र काढायचे चॅलेंज पण तसेच, ज्याला आधीच प्रत्येक पान परीक्षेसारखं वाटतं त्याला रोजची परीक्षा कशाला? त्यापेक्षा अशी पद्धत हवी जिच्यात चांगलं यायची शक्यताच नसते. कागदाकडे न बघणं, किंवा ३० सेकंदांचा टायमर लावून नुसता अंगाचा झोक पकडणं, किंवा खुर्ची न काढता खुर्चीच्या पायांमधल्या मोकळ्या जागा काढणं. तिथे परफेक्शनला पाय ठेवायला जागा मिळत नाही आणि हात चालू राहतो.

आणि ती चूक शोधणारी नजर वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. नजर हाताच्या आधी तयार होते, म्हणून तर आपलं काम आपल्याला खटकतं, हे होणारच. तिची वेळ फक्त नंतरची. आज काढून झाल्यावर, पेन खाली ठेवून, मी तिला पानाकडे बघू दिलं आणि एकच गोष्ट शोधायची असं ठरवलं. बोटं आखूड आलीत, कारण पेरांवरून पेन भराभर गेलंय, टोकांशी जेवढी थांबले तेवढी तिथे थांबलेच नाही. उद्या फक्त पेरं काढणार, मोठी, अख्ख्या पानावर, त्याच बॉलपेनने.