उघड्या फळीवरच्या वूफरमधून बास येतो का?

माझे स्पीकर पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: या वूफरना पेटीच नाही, मागून ते सरळ उघडे आहेत, मग यांतून बास येतो तरी कसा? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

बास येतो, पण तो महाग पडतो. वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पेटी नसली की मागची ही उलटी लहर फळीच्या कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. तिला ६० सेंटिमीटर रुंदीची प्लायवूडची फळी काय अडवणार! ढोबळ हिशोबाने अशा फळीवर १९० हर्ट्झच्या खाली दर सप्तकामागे ६ डेसिबल गळत जातात, म्हणजे दोन सप्तके खाली, ४८ हर्ट्झपर्यंत, १२ डेसिबल गेलेले असतात. ते इक्वलायझरने भरून काढायचे तर अँप्लिफायरकडून १६ पट शक्ती आणि पडद्याकडून चौपट हालचाल मागावी लागते. म्हणून आठ इंची वूफरवर हा प्रयोग करूच नये. प्रत्येक बाजूला १२ किंवा १५ इंचांचे, शक्यतो दोन वूफर लावावेत आणि त्यांचा क्यूटीएस (पडद्याचे डोलणे वूफर स्वतः किती कमी आवरतो ते सांगणारा आकडा) ०.७च्या आसपास असावा, कारण पेटीसाठी बनवलेले कमी क्यूटीएसचे वूफर उघड्यावर फार कोरडे वाजतात.

एवढा खटाटोप खोलीसाठी करायचा. समोरासमोरच्या भिंतींत १२ फुटांचे अंतर असेल तर त्यांच्यामध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, म्हणजे तेवढाच स्वर फुगून ऐकू येतो, आणि पेटीतला वूफर सर्व दिशांना सारखाच वाजत असल्यामुळे लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही अंगांचे अनुनाद जागे करतो. उघडा वूफर इंग्रजी आठाच्या आकारात पुढे आणि मागे वाजतो, बाजूंना आणि वर-खाली जवळजवळ गप्प राहतो. समोर तितकाच आवाज देऊनही तो खोलीत एकूण सुमारे एक तृतीयांशच ध्वनिशक्ती सोडतो. त्यामुळे डग्ग्यावर तळहात घासून काढलेला घिस्सा खालून वर चढताना मध्येच कुठे फुगत नाही. स्पीकरांचे नामवंत अभियंते सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी ओरायन आणि एलएक्स५२१ या आपल्या स्पीकरांत वूफरही उघडेच ठेवले, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

मात्र वूफरच्या मागे भिंतीपर्यंत निदान मीटरभर जागा हवी, आणि तीच आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सर्वांत दुर्मीळ. शिवाय खोलीच्या सर्वांत खालच्या अनुनादाखाली बंद पेटीला खोलीचा जो आधार मिळतो, तो उघड्या वूफरला मिळत नाही, त्यामुळे चित्रपटांतल्या स्फोटांची हौस असणाऱ्यांची निराशा होईल. दहा बाय दहाच्या खोलीत मी बंद पेटीच सुचवतो. हॉल मोठा असेल तर ५० हर्ट्झपर्यंत उघडे वूफर आणि त्याखाली एक बंद पेटीचा सबवूफर, ही तडजोड मला सर्वांत व्यवहार्य वाटते.