कांडी दिसेनाशी होते तेव्हा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा निरोप आला. गॅदरिंग, सहली आणि छड्या यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. ती जागा त्यांचीच. मला लिहायचंय ते प्रयोगशाळेतल्या एका काचकांडीविषयी. चष्म्याच्या भिंगांवर लेप चढवणं हा आज माझा व्यवसाय आहे, आणि त्याचा पाया त्या कांडीने घातला.

‘प्रकाशाचे परावर्तन’ म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने आपाती किरण, स्तंभिका, दोन सारखे कोन आणि आकृतीचे गुण. विज्ञानाच्या बाईंनी आकृती काढून दिली खरी, पण त्याआधी खिडक्या लावून घेतल्या, टॉर्चचा झोत वर्गात आडवा सोडला आणि विचारलं, “झोत दिसतोय का?” पलीकडच्या भिंतीवर फक्त उजेडाचा ठिपका होता. मग बाईंनी डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली आणि हवेत लख्ख पट्टा उमटला. “ही धूळ दिसतेय तुम्हाला. नुसता बाजूने निघून जाणारा प्रकाश कुणालाच दिसत नाही. तो कशावर तरी आपटून डोळ्यांत यावा लागतो.” चंद्रावर भर उन्हातही आकाश काळं का, हे त्या ओघातच कळलं: उजेड विखरायला तिथे हवाच नाही. खुद्द चंद्र अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के परत पाठवतो, म्हणजे तसा काळपटच. भोवतीच्या काळोखामुळे तो आपल्याला पांढराशुभ्र वाटतो.

खरी गंमत पुढे होती. बाईंनी काचकांडी पाण्याच्या चंचुपात्रात बुडवली. वाकडी झाली, पण दिसत होती. तीच पुसून ग्लिसरीनमध्ये बुडवली, तर बुडालेला भाग गडप! वरचा तुकडा नुसता अधांतरी. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “पारदर्शक आहे म्हणून.” बाई म्हणाल्या, “हवेत काय ती अपारदर्शक होती?”

हा प्रश्न मला अजून पुरतो. पारदर्शक वस्तू दिसते ती तिच्या कडांवर प्रकाश थोडा परततो आणि थोडा वळतो म्हणून. आणि तो परततो, वळतो ते दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश त्या माध्यमात किती मंदावतो हे सांगणाऱ्या अंकांत, फरक असतो म्हणून. हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, कांडीच्या बोरोसिलिकेट काचेचा सुमारे १.४७ आणि ग्लिसरीनचाही तेवढाच. फरक मिटला की प्रकाशाच्या लेखी तिथे कांडीच नाही. खिडकीच्या साध्या काचेचा अंक १.५२ च्या आसपास, म्हणून तिची कड ग्लिसरीनमध्येही पुसट दिसत राहते.

घरचा अभ्यास होता: कागदावर तेल सांडलं की तेवढाच भाग पारभासी का होतो? आकृतीपेक्षा हा प्रश्न कितीतरी मोलाचा, असं माझं मत आहे. कागदाचे तंतू मुळात पांढरे नसतातच. तंतू आणि मधली हवा यांच्या असंख्य सीमांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून कागद पांढरा. तेलाचा अंक तंतूंच्या जवळचा. त्याने हवेची जागा घेतली की विखुरणं थंडावतं आणि प्रकाश आरपार जातो.

आता माझ्या धंद्यातलं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही मिळून ८. जाड नंबरवाले ‘पातळ काच द्या’ म्हणतात, ती १.६७ अंकाची भिंगं जास्त चकाकतात, एकेका पृष्ठावरून ६ टक्क्यांच्या वर. म्हणून तिथे अँटिग्लेअर कोटिंग ही चैन नव्हे. लेपाची जाडी अशी नेमकी राखायची की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतील. १९३५ साली भिंगं बनवणाऱ्या जर्मनीतल्या त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी ही युक्ती प्रत्यक्षात आणली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असेल तर जाडी लागते सुमारे १०० नॅनोमीटर. सगळ्या रंगांना एकच जाडी लागू पडत नाही, म्हणून भिंगावर हिरवट-जांभळी झाक उरतेच.

आमच्याकडे येणारी ठरलेली तक्रार: “कोटिंग केल्यापासून बोटांचे डाग जास्त पडतात.” पडतात तेवढेच. पण बोटाच्या तेलाचा पापुद्रा बसला की लेपाचं गणित तिथे बिघडतं, आणि आजूबाजूचं भिंग चकाकत नसल्यामुळे तो ठसा उठून दिसतो.